डॉ. विल्यम केरी ह्यांची बाग

मराठी भाषेचा अर्वाचीन इतिहास वाचू लागले म्हणजे विल्यम केरी हे नाव अगदी आरंभीच्या पानांत भेटते. बंगालमधील श्रीरामपूर येथून त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले, १८१० साली मोडी अक्षरांत मराठीचा कोश काढला, आणि त्याच काळात नव्या कराराचे मराठी भाषांतर तडीस नेले. धर्मप्रसाराचा इतिहास वाचणारा त्यांस अर्वाचीन मिशनकार्याचे जनक म्हणून ओळखतो, आणि समाजसुधारणेचा इतिहास वाचणारा सतीबंदीच्या चळवळीतील एक अग्रणी म्हणून. परंतु ह्या थोर पुरुषाचे आणखी एक काम होते. ते त्यांनी ग्रंथशाळेत केले नाही, व्यासपीठावरही केले नाही. हातांना माती लावून, वर्षांमागून वर्षे, पहाटेच्या गार वेळी केले. ते काम म्हणजे त्यांची बाग. ह्या बागेची ओळख झाल्यावाचून केरी ह्यांचा ख्रिस्ती धर्म पुरता समजत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून त्यांचे चरित्र ह्या वेळी बागेच्या वाटेने सांगण्याचे योजिले आहे. मातीस व चिखलास कमी लेखू नये, हे हमरापूरच्या मुलांस निराळे शिकवावयास नको. ज्या गावी मातीच्या गोळ्यातून मूर्ती घडविण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या गावची मुले ही गोष्ट लवकर समजतील.

विल्यम केरी ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी ह्या लहानशा खेड्यात झाला. वडील आधी विणकर होते व पुढे गावच्या शाळेचे शिक्षक झाले. घरी गरिबी होती, पण विल्यमच्या खोलीत एक वेगळीच श्रीमंती असे. नाना तऱ्हेचे किडे, पाखरे, रोपटी, पाने तो गोळा करून आणी आणि त्यांच्यात दिवसागणिक काय फरक पडतो ते पाहत बसे. त्याचा पीटर नावाचा एक चुलता कॅनडाहून परतलेला होता व माळीकाम करी. झाडांची पहिली ओळख त्यानेच ह्या मुलास करून दिली. शेतात राबावे असे विल्यमच्या मनात होते. परंतु उन्हात गेले की त्याच्या कातडीस विकार होई, म्हणून त्यास चांभाराच्या हाताखाली जोडे शिवावयास ठेवण्यात आले. जोडे शिवता शिवता त्याने लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच व डच ह्या भाषा आत्मसात केल्या. पुढे तो मोल्टन येथे शिक्षक व पाळक झाला आणि तेथून लेस्टर येथील मंडळीचा पाळक म्हणून गेला. १७९२ साली त्याने साऱ्या जगात सुवार्ता नेण्याविषयी एक पुस्तिका लिहिली, त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी जून महिन्यात तो सहकुटुंब हिंदुस्थानाकडे निघाला.

१७९३ च्या नोव्हेंबरात केरी कलकत्त्यास पोहोचले. पहिले दिवस हालांत गेले. पैसा संपला, ओळखपाळख नव्हती, राहावयास धड जागा नव्हती. काही महिने त्यांनी सुंदरबनाच्या कडेस झोपडे बांधून काढले. १७९४ मध्ये दिनाजपूरकडील मदनावती येथे नीळ करण्याच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची जागा मिळाली, तेव्हा कोठे पोटाची चिंता मिटली. पण त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हा त्यांचा मुलगा आमांशाने गेला. पत्नी डॉरथी मुळातच इतक्या दूर येण्यास राजी नव्हत्या. ह्या आघाताने त्यांचे मन ढासळले ते कधीच सावरले नाही. १८०७ साली देवाज्ञा होईपर्यंत त्या त्याच स्थितीत होत्या. केरींनी त्यांस दूर वेड्यांच्या इस्पितळात पाठविले नाही, घरीच सांभाळले. तरी त्या बाईने ह्या थोर कार्याची किंमत आपल्या आयुष्याने भरली, ही गोष्ट चरित्रकाराने झाकून ठेवू नये. मोठ्या माणसांच्या चरित्रांत त्यांच्या घरच्यांचे अश्रूही असतात, आणि ते वाचकाने पाहिले पाहिजेत.

मदनावतीस असतानाच केरींच्या स्वभावातील माळी जागा झाला. आजूबाजूचा शेतकरी कसा नांगरतो, काय पेरतो, त्याचे बी कोठून येते, त्याच्या पदरात काय पडते, हे ते बारकाईने पाहू लागले. इंग्लंडातील मित्रांस पत्रे लिहून त्यांनी दरवर्षी फुलांची, भाज्यांची व फळझाडांची बियाणी मागविली, त्यांबरोबर विळे, नांगर अशी अवजारेही मागविली, आणि ह्या सर्वांचे मोल आपण चुकते करू असे कळविले. पुढे दिनाजपूरच्या शेतीविषयी त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत एक निबंध प्रसिद्ध केला. ह्या निबंधाच्या मुळाशी काही वर्षांचा शेजार होता. रयतेच्या बांधावर उभे राहून त्यांनी जे पाहिले तेच लिहिले.

१० जानेवारी १८०० रोजी केरी श्रीरामपुरास आले. हुगळी नदीच्या काठचे हे गाव त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. येथे मार्शमन व वॉर्ड हे दोन सहकारी त्यांस लाभले, छापखाना उभा राहिला, आणि हिंदुस्थानातील अनेक भाषांत पवित्र शास्त्राची भाषांतरे होऊ लागली. १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली व संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवू लागले. कॉलेजाचा पगार मोठा होता. पण स्वतःच्या निर्वाहापुरते ठेवून बाकी सर्व ते मिशनच्या समाईक निधीत घालीत. आठवड्यातील काही दिवस नावेने कलकत्त्यास जावयाचे आणि उरलेले श्रीरामपुरास घालवावयाचे, असा त्यांचा क्रम जवळजवळ तीस वर्षे चालला.

ह्याच श्रीरामपुरास सुमारे पाच एकरांवर त्यांनी आपली बाग लावली. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनीअस ह्यांनी घालून दिलेल्या वर्गवारीप्रमाणे तीत झाडे रांगेने लावलेली असत. देशोदेशींच्या मित्रांकडून बिया येत, आणि येथल्या बिया पुडक्यांत बांधून देशोदेशी जात. केरींचा दिवस सूर्योदयाच्या सुमारास सुरू होई. हिब्रू शास्त्राचा एक अध्याय, एकांतातील प्रार्थना, घरच्या माणसांबरोबर व चाकरांबरोबर बंगालीत उपासना, आणि मग पंडितांबरोबर भाषांतराचे जू मानेवर, असा तो क्रम असे. ह्या सगळ्यात बाग ही फावल्या वेळची करमणूक नव्हती. बागेतच ते एकांत शोधीत, तेथेच चिंतन करीत, आणि तेथेच माळ्यांबरोबर रोपांच्या मुळाशी वाकत.

कोणी विचारील की, ज्यास इतक्या भाषांत देवाचे वचन पोहोचवावयाचे होते त्याने भाज्यांच्या वाफ्यांत वेळ का घालवावा? ह्याचे उत्तर उत्पत्तीच्या पुस्तकाच्या आरंभीच आहे. तेथे देवाने पहिल्या मनुष्यास बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. मंदिर, याजक, यज्ञ ह्या गोष्टी शास्त्रात पुढे येतात. मनुष्यास दिलेले पहिले काम माळ्याचे आहे. केरींनी हे वाचले व अक्षरशः मानले. देवाच्या वचनाचे भाषांतर करावयाचे आणि देवाच्या हातची कृती पायाखाली तुडवावयाची, ही विसंगती त्यांच्या मनास खपली नसती.

त्यांचे भाषेचे काम आणि झाडांचे काम ह्यांत एक नाते आम्हांस दिसते. वैजनाथ पंडित ह्यांच्या साहाय्याने ते मराठी शिकले. पंडिताच्या तोंडून एकेक शब्द ऐकावा, त्याची रूपे पाहावी, तो कोणत्या शब्दांच्या कुळातला हे ठरवावे, आणि मग कोशात त्याच्या जागी बसवावा, ही शब्द जमविण्याची रीत. पान पाहावे, फूल उकलावे, त्याचे कूळ ठरवावे आणि बागेत त्याच्या जागी लावावे, ही झाड जाणण्याची रीत. दोन्हींकडे एकच सद्‌गुण लागतो. समोर जे आहे त्याजकडे नीट, सावकाश आणि आदराने पाहावे. आपल्या सोयीसाठी त्याची मोडतोड करू नये. परक्या भाषेवर असे प्रेम करणारा मनुष्य परक्या भूमीच्या गवतावरही प्रेम करू शकला, ह्यात नवल नाही.

कलकत्त्याच्या सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख डॉ. विल्यम रॉक्सबर्ग हे केरींचे जिवलग मित्र होते. त्या बागेतील झाडांची यादी केरींनी १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली. पुढच्याच वर्षी रॉक्सबर्ग वारले. हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील त्यांचा प्रचंड ग्रंथ हस्तलिखितातच राहिला होता. मित्राचे श्रम वाया जाऊ नयेत म्हणून केरींनी तो संपादून छापावयास घेतला. पहिला भाग १८२० साली व दुसरा १८२४ साली निघाला, आणि १८३२ साली तिन्ही भागांचा ग्रंथ बाहेर पडला. वनस्पतिशास्त्राच्या त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर केरींनी दावीदाच्या स्तोत्रातील एक ओळ घातली. देवाच्या सर्व कृती त्याचे स्तवन करतात, असा तिचा आशय आहे. शास्त्र आणि उपासना ह्यांची सांगड त्यांनी ही अशी घातली.

रॉक्सबर्ग ह्यांनीही मित्राचे नाव अमर केले. एका वनस्पतिकुलास त्यांनी ‘केरिया’ असे नाव दिले. ह्या कुलातील एक वृक्ष पेण-रोह्याच्या डोंगरांत फिरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. तो म्हणजे आपला कुंभा. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव ‘केरिया आर्बोरिया’ असे आहे. थंडी सरता सरता ज्याची मोठाली पाने तांब्यासारखी लाल होऊन गळतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्यास पुंकेसरांच्या झुबक्यांची मोठी पांढरी-गुलाबी फुले रात्री उमलतात व सकाळी झाडाखाली सडा पडतो, ज्याचे हिरवे गोल फळ डोक्यावर देठ-पाकळीचा मुकुट धारण करून लहानशा घड्यासारखे दिसते, तोच हा वृक्ष. पूर्वी त्याच्या सालीच्या तंतूंची वात करून तोड्याच्या बंदुकीस लावीत. सह्याद्रीच्या पायथ्याशी गुरे राखणाऱ्या पोरास जे झाड ठाऊक आहे, त्याच्या शास्त्रीय नावात मराठीचा कोश करणारा एक चांभार दडलेला आहे, ही गोष्ट किती थोड्यांस माहीत असेल!

केरींची झाडांवरील प्रीती केवळ शोभेच्या फुलांपाशी थांबली नाही. रयतेची भूक त्यांनी पाहिली होती. चांगले बी, चांगली अवजारे, नवी फळझाडे व भाज्या, पडीक जमिनीची लागवड, गुरांची जोपासना ह्या गोष्टींनी गरिबाच्या ताटात चार घास अधिक पडतील, असा त्यांचा विश्वास होता. इमारती लाकडाची झाडे नुसती तोडीत न जाता लावीतही गेले पाहिजे, हेही ते सांगत. ह्या हेतूने त्यांच्या पुढाकाराने १४ सप्टेंबर १८२० रोजी कलकत्त्यास शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी एक संस्था स्थापन झाली. पहिल्या सभेस माणसे अगदीच थोडी होती, पण केरी निराश झाले नाहीत. ह्या देशाच्या शेतीचा विचार ह्या देशाच्या लोकांवाचून होऊ नये, म्हणून हिंदी गृहस्थांस आरंभापासून सभासदत्व खुले ठेवण्यात आले. उत्तम भाजीपाला पिकविणाऱ्या माळ्यांस बक्षिसे देण्याची प्रथा ह्या संस्थेने पाडली. ती संस्था आज दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही कोलकात्यात अलीपूर येथे उभी आहे.

जो रोपटे जपतो तो माणसास जपल्यावाचून राहू शकत नाही. निदान केरींच्या बाबतीत असेच झाले. गंगासागर येथे नवसापोटी मुले पाण्यात सोडण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी सरकारास अहवाल दिला आणि १८०२ साली ती प्रथा कायद्याने बंद झाली. महारोग्यांस जिवंत जाळण्याचा प्रकार पाहून ते हादरले व त्यांच्यासाठी कलकत्त्यात इस्पितळ व्हावे म्हणून झटले. सतीची चाल बंद करणारा कायदा ४ डिसेंबर १८२९ रोजी झाला. त्याच्या बंगाली भाषांतराचे काम केरींकडे रविवारी आले. त्या दिवशी त्यांनी उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपविले व दिवसभर बसून भाषांतर पुरे केले. कारण एका दिवसाच्या विलंबाने कोण जाणे किती बायकांचे प्राण गेले असते! देवाने निर्माण केलेल्या जिवास जपणे हीच त्या दिवसाची उपासना, असे त्यांनी मानले.

अशा मनुष्यावर संकटेही तशीच आली. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, अनेक भाषांचे खिळे आणि वर्षानुवर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते एका रात्रीत भस्म झाली. केरी पुन्हा कामास लागले. १८२३ च्या ऑक्टोबरात नावेतून उतरताना पडून त्यांच्या मांडीस जबर दुखापत झाली, आणि ते अंथरुणास खिळलेले असतानाच दामोदर नदीचा पूर आला. पाण्याने त्यांच्या घराचा धीर सुटला, घर सोडावे लागले, आणि बागेवर वाळूचा थर पसरून वीस वर्षांची झाडे गेली. खाडीचा बांध फुटून भाताच्या शेतात खारे पाणी शिरले म्हणजे शेतकऱ्याच्या काळजाचे काय होते, हे पेणच्या खारेपाटातील वाचकांस सांगावयास नको. बासष्ट वर्षांचे केरी कुबड्या घेऊन उठले आणि पुन्हा बिया मागवून वाफे घालू लागले.

ह्या बागेतील एक लहानशी हकीकत फार गोड आहे. इंग्लंडाहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी केल्यावर तळाशी राहिलेली चिमूटभर माती केरींनी सावलीत झटकली. काही दिवसांनी तेथे एक अंकुर आला, आणि पाहतात तो इंग्लंडच्या कुरणात पायदळी तुडविले जाणारे डेझीचे फूल! तीस वर्षे मायदेशी न गेलेल्या त्या माणसास पराकाष्ठेचा आनंद झाला. बंगालच्या हवेत ते रोप टिकेना, म्हणून ते दरवर्षी त्याचे बी धरून पुन्हा पेरीत. जे फूल गावी कोणी वाकूनही पाहत नाही, त्याच्यासाठी एवढा विद्वान पुरुष दरवर्षी बी जपून ठेवीत होता.

अखेरच्या दिवसांत पाय चालेनात, तेव्हा ते खुर्चीत बसून बागेत फिरत. तेही जमेना, तेव्हा मुख्य माळी त्यांच्या खोलीत येऊन बागेची खबर सांगू लागला. त्या दिवसांत एकदा त्यांचे मन खिन्न झाले. आपल्यामागे मार्शमन साहेब बागेत गाई चरावयास सोडतील, ही चिंता त्यांस लागली होती. छापखाना, कॉलेज, भाषांतरे ह्यांची व्यवस्था त्यांनी देवावर सोपविली होती. बागेची तेवढी काळजी सुटत नव्हती. आम्हांस ह्यात हसू येते आणि डोळेही ओले होतात. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांनी देह ठेविला. चाळीस वर्षांत ते एकदाही स्वदेशी परतले नाहीत.

ती बाग आज राहिलेली नाही. गाईंनी खाल्ली म्हणा, काळाने खाल्ली म्हणा, माणसाच्या हातची प्रत्येक बाग अखेरीस नाहीशी होते. मग केरींचे श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांच्या हातून एक रीत पडली. प्रार्थना आणि पाणी घालणे, शास्त्र वाचणे आणि बी जपणे, ह्या गोष्टी एकाच दिवसात, एकाच मनाने करावयाच्या असतात, ही ती रीत होय. ती मागे राहिली, आणि ज्यास हवी त्यास आजही घेता येते.

विद्यार्थिमित्रांनो, कुंभा आपल्या डोंगरांवर फुलतो तो फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, आणि त्याच दिवसांत ह्या डोंगरांवर वणवे पेटतात. कोणी गवत चांगले यावे म्हणून पेटवितो, कोणी शिकारीसाठी, कोणी विडीचे थोटूक निष्काळजीपणे टाकतो. जाड सालीचा जुना कुंभा बहुधा त्यातून वाचतो. परंतु त्याच्या पायाशी उगवलेली रोपे, जमिनीवरील पाखरांची अंडी, आणि पावसाचे पाणी धरून ठेवणारा पाचोळा वाचत नाही. मग ज्येष्ठात पहिल्या सरीबरोबर उघडी माती ओढ्यात वाहते आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. देवाने राखण करावयास दिलेली बाग आपल्यासाठी एदेनात नाही. ती ह्याच डोंगरांवर, ह्याच बांधांवर, ह्याच परसांत आहे. रविवारी उपासनेत बसून सृष्टीच्या कर्त्याचे गुण गावे आणि सोमवारी पेटता पलिता पाहून मुकाट्याने पुढे जावे, हे केरींच्या धर्मात बसत नाही.

म्हणून ह्या उन्हाळ्यात आपल्या वाटेवरचा एक कुंभा ओळखून ठेवा. त्याच्या बुंध्याभोवतालचे सुके गवत दोन हातांच्या अंतरापर्यंत काढून टाका, म्हणजे खालच्या रोपांस आगीची झळ कमी लागेल. पिकून पडलेल्या फळातील बी पावसाच्या आधी मोकळ्या उतारावर पुरा. गुरे तेथे येतील, तर चार काट्या रोवून आडोसा करा. ते रोप मोठे होऊन सावली देईल, तेव्हा ते कोणी लावले हे कोणास ठाऊक असणार नाही. तरीही ते लावावे.